खिडकी क्रमांक तीन

एलेउतेरिओ निवृत्त झाला त्या शुक्रवारी
त्याची एकोणतीस वर्षं माझ्या टेबलावर येऊन पडली:
सात वह्या, रबरबँडनं आवळलेल्या,
वर साहेबांची चिठ्ठी,
"हिमेना, डिसेंबरच्या आत याला बोलतं कर."

वाल्दिव्हियात नदीकाठी मासळीबाजार भरतो.
गाळ्यांमागे समुद्रसिंह आ वासून बसलेले असतात.
कापणारा वळूनही न बघता माशाचं डोकं मागे भिरकावतो
आणि ते बरोबर तोंडात पडतं.
मला वाटायचं, उत्तर द्यावं तर असं.

वह्यांत फी होती, वसतिगृह होतं, दाखले, शिष्यवृत्त्या.
आणि समासात, शिसपेन्सिलीनं, मुंगीएवढं अक्षर:
"बाप सोबत असेल तर आधी बापाला पाणी."
"बस कितीची, असं विचारलं
म्हणजे परत जाता येईल का, असं विचारलं."

रकाने भरत गेले. समासाला रकाना नव्हता.

शेवटची तारीख विचारायच्या
चारशे बारा तऱ्हा मी यंत्राला घोटवल्या:
शेवटची तारिक, मुदत संपली का, अजून चालेल का,
ताई प्लीज, आणि नुसतंच
मेलो.
शिकलं बिचारं.
आयसेनच्या एका मुलानं विचारलं, घोडा आणता येईल?
ते म्हणालं, हो, वाहनतळ विद्यार्थ्यांना मोफत आहे.
आम्ही आठवडाभर हसत होतो.

मग एका पहाटे, दोन चाळीसची नोंद,
केयोनहून, बेटाच्या पार टोकावरून:
"तिथं एकटं जेवणारं कुणी असतं का?"
"उपाहारगृह सकाळी आठ ते संध्याकाळी सात खुलं असतं."
"बरं."

एवढंच. बरं.
फेकलेलं उत्तर पाण्यात पडल्याचा आवाज
मी दिवसभर ऐकत राहिले.

रविवारी निएब्लाला गेले. म्हातारा
अंगणात बाकला सोलत होता.
मी फोन पुढे धरला. त्यानं चष्मा शोधला,
वाचलं, सालं झटकली.
"मी सांगितलं असतं, मी बारा चाळीसला जेवतो,
खिडकी लावून घेतो. ये."
आणि माझ्या ओंजळीत शेंगा ओतल्या,
बसलीच आहेस तर सोल म्हणाला.

सोमवारी मी एक उत्तर लिहिलं,
कुठल्याच रकान्यात न बसणाऱ्या प्रश्नांसाठी:
"हे मला माहीत नाही.
खिडकी क्रमांक तीनवर हिमेना असते.
बारा चाळीसला ती खिडकी लावून जेवते.
आत खुर्च्या दोन आहेत."

साहेबांनी शब्द मोजले.
चाळिसाच्या आत होते. चालेल, म्हणाले.

मार्च आला. केयोनची ती आली का,
कोण जाणे; यंत्र नावं ठेवत नाही,
कुठल्याच अर्थानं.
पण बारा पंचेचाळीसला काचेवर टकटक झाली,
बुटांना वाळका चिखल, काखेत डबा,
उंच, लाजाळू, आयसेनचा.

मी विचारलं, घोडा?

विकला, म्हणाला,
आणि खुर्ची ओढली.