फाटकावरची मोजणी

पुंता अरेनासला रात्री वाऱ्याला कुणी गप्प करत नाही.
पत्रे वाजतात, वाजू देत.
त्यांना माझ्याकडून काही नको असतं.

पंप बिघडलेला. डॉन बाल्दोमेरोंच्या सलाइनमध्ये पोटॅशियम,
घड्याळ डोळ्यांसमोर धरून मी थेंब मोजत होते:
अकरा, बारा, तेरा,
कुणाच्या तरी सुनेला जादा ब्लँकेट हवं झालं,
चार नंबरचा मॉनिटर बोंबलला,
डॉक्टर ओयार्सूनना कपाटाची किल्ली,
आत्ताच्या आत्ता.

परत आले. थेंब पडतच होते
माझ्याविना, आपल्या चालीने.
चार्टवर मी मघाचाच आकडा टेकवणार
तर म्हातारा डोळे न उघडता म्हणाला,
"तेरावर गेलीस, पोरी.
पुटपुटत होतीस, ऐकलं मी."

हयात मेंढ्यांत गेलेली त्याची.
फाटकावर मोजणारा उभा राहिला
की मालकसुद्धा तोंड उघडत नसे.
उघडलंच, तर अख्खा कळप मागे,
बर्फ पडो, अंधार पडो,
पुन्हा पहिल्या मेंढीपासून.

मी एकपासून धरलं.
दाराशी परत ती सून.
सुईचा हात तसाच ठेवून
त्याने दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर नेलं.
ती थांबली. वारा नाही थांबला.

मिनिटाला चाळीस भरले.
हवे होते वीस.

सकाळच्या फॉर्मवर 'कारण' या शब्दापुढे
बोटभर जागा.
मी लिहिलं: किल्ली.
मग खोडलं.
मग परत लिहिलं.