रॉकेलचा वास

नोव्हेंबर सरता सरता
हॅमरफेस्टमध्ये सूर्य उगवायचाच बंद होतो.
त्याच आठवड्यात सल्लागारांनी आम्हाला हॉटेलात नेऊन बसवलं :
नऊ व्यवस्थापक, दहावी मी,
जाळी विणणाऱ्या कारखान्याची तिसऱ्या पिढीची मालकीण,
आणि पाहुणा वक्ता म्हणून
बर्फावरून चालत गेलेला एक म्हातारा.

मला वाटलं, आता पडद्यावर शिखर येणार,
शिखरावर झेंडा,
झेंड्याखाली ‘ध्येय’ असलं काहीतरी.
टोरग्रिमने पडदा लावलाच नाही.
बूट काढला, मोजा काढला,
दोन बोटं नसलेलं पाऊल खुर्चीवर ठेवलं
आणि म्हणाला, ही थंडीने गेली नाहीत.
माझ्या गप्प बसण्याने गेली.

मग बाजारभाव सांगावा तशी गोष्ट सांगितली.
तीन माणसं, एक घसरगाडी, रॉकेलचे सहा डबे.
सतराव्या दिवशी एका डब्याचा जोड उसवलेला त्याला दिसला.
पुढारी तोच. त्याने डबा तळाशी सरकवला,
वर तंबूचं कापड टाकलं
आणि त्या रात्री विनोद जरा मोठ्यानेच सांगितला.
घाबरतील पोरं, असं वाटलं.
अकरा दिवस तो एकटाच ते ओझं ओढत होता,
गळून गळून हलकं होत चाललेलं
आणि तरी रोज जड.

बाराव्या दिवशी स्टोव्ह पेटवता पेटवता आयलिफ म्हणाला,
“उद्यापासून अर्धाच बर्फ वितळवू या का?
मला वास येतोय. दहा दिवस येतोय.
तू सांगशील म्हणून थांबलो होतो.”
तिसरा काही बोलला नाही.
त्याने फक्त आपल्या वाटचा गरम पेला
परत भांड्यात ओतला.

तिथून ते माघारी फिरले.
सत्त्याऐंशी किलोमीटर उरले होते.
“पहिल्याच दिवशी बोललो असतो
तर कदाचित पोचलो असतो,” टोरग्रिम म्हणाला,
“कदाचित. ते मला माहीत नाही.
बोटं मात्र राहिली असती.”

टाळ्या झाल्या. कोणीतरी विचारलं,
यातून नेतृत्वाची पाच सूत्रं कोणती?
तो मोजा चढवत होता, त्याला ऐकू गेलं नसावं.

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात
मार्चपासून बँकेचं पत्र आहे,
वर गेल्या वर्षीची कॅलेंडरं.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
मी आठ महिने झाकली,
आणि आत काय, तर रॉकेलचा वास.

सोमवारी सहाच्या पाळीला
पत्र घेऊन शेडमध्ये गेले.
भाषण पाठ केलेलं, तिसऱ्या वाक्याला विसरले.
मग पत्रच वाचलं, आकड्यांसकट :
फेब्रुवारीपर्यंत पगार,
त्यापुढे कोरं.
खिडकीत सकाळ म्हणजे नुसता निळसर काळोख.

आसलाउग, एकतीस वर्षं गाठी मारणारी,
हातातली सुई खाली न ठेवता म्हणाली,
“ठाऊक आहे, रांगफ्रिड.
एप्रिलपासून कॉफी पातळ झालीय.”

कोणी हसलं नाही. मग दोघं हसले.
मग त्या टोकाचा एक पोरगा,
ज्याचं नाव मला आठवेना,
म्हणाला, दुसरं यंत्र विकून टाका, ते नुसतं वीज खातं.
कोणी म्हणालं, सॅमन पाळणाऱ्यांची फाटकी जाळी
धक्क्यावर सडताहेत, ती दुरुस्तीला घ्या.
कोणी म्हणालं, आधी तुझी गाडी विक.
मी लिहून घेत होते. तेही लिहिलं.

पोचू का, माहीत नाही.
डब्यात पावडर थोडीच उरली होती.
आसलाउगने माणसं मोजली, अठ्ठावीस,
मला धरून,
आणि चमचा सगळ्यांना दिसेल असा वर धरून
एकेक करत किटलीत टाकला.