खालचे अकरा मीटर

मखमलाबाद नाका, दुसरा मजला.
गायधनी बाई लॉग पसरतात फरशीवर,
कोपऱ्यांवर द्राक्षं छाटायच्या कात्र्या.

गॅमा जागचा हललेला नाही. वाळू तीच.
रोधकता मात्र चाळिसावरून सहावर.
न्यूट्रॉन आणि घनता, दोन रेषा,
ज्यांच्या फटीत वायू राहायचा,
आता अंगाला अंग लावून उतरतात.

राजमहेंद्रीहून फोन: पाणी आलं का, बाई?
खालचे अकरा मीटर गेले, त्या म्हणतात,
खारं आहे. छिद्रं बुजवा खालची. वरचं वाचवा.

मग नुसत्याच बसून राहतात.
गोदा इथूनच तर निघते, काळ्या दगडातून,
तिकडे समुद्राला मिळते.
ते जुनं पाणी तिचं नाही, बाईंना पक्कं ठाऊक.
तरी समासात पेन्सिलीने
खोली, तारीख,
आणि ‘आलं’ खोडून ‘आली’.