दोन भोकं खाली

सिव्हिलसमोरच्या दुकानात काठ्या पिंपात उभ्या होत्या,
न विकल्या गेलेल्या छत्र्यांसारख्या.
मी वेताची उचलली. वाकडी मूठ, पितळेचं कडं.
आरशात बघितलं तर कुणीतरी सावकार.
"ती लग्नात मिरवायला," दुकानदार म्हणाला,
"चालायला ही न्या."
आणि ॲल्युमिनियमची एक पुढं केली,
राखाडी, ओळीनं भोकं पाडलेली.

बूट घालूनच उभं राहा. हात सैल सोडा.
मनगटाला घडी पडते ना, तिथवर मूठ यायला पाहिजे.
बटण दाबलं, नळी सरकली, कट् वाजलं.
शिंप्यानंतर माझं माप घेणारा
हा पहिलाच माणूस.

गुडघा उजवा गेलेला, म्हणून काठी उजव्या हातात धरली.
मुजावर मॅडमनी काढून डाव्या हातात दिली.
दुखणं इकडं आणि आधार तिकडं?
"चालून बघा, मामा."
काठी आणि दुखरा पाय बरोबर, मग चांगला.
ठक, पाऊल. ठक, पाऊल.
पहिल्या दिवशी दर चार पावलांना सूत तुटत होतं,
बत्तीस वर्षं मागावर काढलेला मी
पुन्हा शिकाऊ.
तिसऱ्या दिवशी साखर पेठेत कुठंतरी
लय लागली, आणि लागली हे कळताच गेली.

श्रीलतानं जिन्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलं:
वर जाताना डावा. खाली येताना उजवा.
शेजारची पोरं ते वाचून
लंगडत जिना उतरतात.

एक गोष्ट कुणीच सांगितली नाही.
काठी घेतली की एक हात जातो.
चौथ्या दिवशी नळ येतो, तेव्हा कळशी एकच.
भाजी असली तर छत्री नाही.
बँकेत सही करायची तर हिला ठेवू कुठं?
काउंटरला टेकवली की घसरते,
आणि फरशीवर असा आवाज करते
की पासबुकं थांबतात.

एप्रिलात प्लास्टिकची मूठ घामानं निसटायला लागली.
तिच्यावर टॉवेलची पट्टी गुंडाळून शिवली,
आमच्याच कारखान्याचा टॉवेल,
काठाला एक धागा चुकलेला, सेकंडात काढलेला.
चूक माझीच असेल. काय सांगावं.
अंगठा आता बरोबर त्या धाग्यावर बसतो.

आठ दिवस कन्ना चौकातला रस्ता टाळला.
तिथं चहाच्या टपरीवर रेवणप्पा बसतो,
आणि त्याच्यासमोर ठक ठक करत जाणं
मला जमलं नसतं.
नवव्या दिवशी खालचं रबरी बूच झिजलं,
काठी सरकायला लागली,
आणि बुचं मिळतात त्याच रस्त्याला.

तीस रुपयांना एक. दोन घेतली.
बाहेर आलो तर रेवणप्पा भिंत धरून उभा.
भिंत संपल्यावर रिक्षा धरली, रिक्षानंतर विजेचा खांब.
गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज पेललेला माणूस.
"बघू," म्हणाला.
नवं नाही, जुनं नाही, मी काय बोलणार?
तो माझ्याहून बुटका.
बटण दाबलं, दोन भोकं खाली घेतली, कट्.
"कुठला दुखतो?"
"दोन्ही."

मॅडमनी मला एकाचंच सांगितलं होतं.
"मग धर कुठल्याही हातात," म्हणालो,
आणि त्याचा खांब मी धरला.

ठक, पाऊल.
शिंप्याच्या दुकानापर्यंत जाऊन ये, म्हटलं होतं.
शिंपी मागं पडला.
पानवाला मागं पडला.
मान ताठ करून तो चाललाय,
कोपऱ्यावरच्या कुत्र्यानंसुद्धा उठून वाट दिली.
"रेवणप्पा, वळ आता!"
ऐकू आलं असेल त्याला, नक्की आलं असेल.
दुपारचे साडेबारा. खांब तापलाय.
मी हात बदलतो.