आत्याबरोबर कमानीपर्यंत

आज कुणी पाहुणे नाहीत.
जीपच्या सावलीत कुत्रं पाय ताणून पडलंय.
वद्हा आत्या पाण्याचा डबा माझ्या हाती देते
आणि म्हणते, "चल मिफ्लेह, त्या भोकापर्यंत जाऊन येऊ."

कमानीला ती भोकच म्हणते.
साठेक वर्षं बघतेय खालून :
शेळ्या मोजताना, राखेत भाकरी पुरताना,
लग्न होऊन निघाली तेव्हा मागे वळून,
आणि तीन वर्षांनी परत आली तेव्हा समोरून.
वर जायला सवड झाली नाही.
मी आठवड्यातून दोनदा जातो.
जर्मन, कोरियन, एकदा पांढऱ्या झग्यातली नवरी,
तिला तर अर्ध्या वाटेत पाठीवर घेऊन.

वाळू अजून थंड होती,
रात्रभर उघड्या राहिलेल्या पिठासारखी.
पहिल्या कड्यापाशी आत्याने चपला काढून
खडकाच्या फटीत खोचल्या
आणि अनवाणी तळवा दगडावर टेकवला,
तवा तापलाय का बघावं तसा.
दोराचं नाव काढलं तर हसली.
"दोर विहिरीला लागतो."

मी आपलं पाठ केलेलं सांगत राहिलो :
वाऱ्याने दगड कसा खाल्ला,
किती लाख वर्षं लागली.
"गप," ती म्हणाली. "श्वास पुरव."

मधल्या घळीत कुणा जुन्या माणसाने कोरलेला उंट आहे,
पाच पायांचा.
पाहुण्यांना मी सांगतो, हात चुकला असणार.
इथे सगळे हसतात.
आत्या जवळ गेली, बोट फिरवलं.
"सांडणी आहे ही. वितेय.
पाचवा पाय पिलाचा."
आठ वर्षं मी हसत आलो.

कमान आली तेव्हा ऊन माथ्यावर.
खालून अंगठीएवढी दिसते,
इथे तिच्या पोटात आमचे चार तंबू मावतील.
मी दोन पावलं मागे थांबलो नेहमीसारखा,
तोंडून काय निघतं ते ऐकायला.
आत्या वर बघेचना.
वाकून काहीतरी वेचत होती :
लेंड्या. वाळून वजनच न उरलेल्या.

"काळी," ती म्हणाली.
"दर वसंतात चार दिवस हरवायची रांड.
नऊ वर्षांची होते मी. बापाने पट्टा काढला.
एकेक घळ पालथी घातली
आणि ही इथे बसलेली.
सावलीत. गार वाऱ्याला."

या रानबोकडाच्या आहेत,
गेल्या हिवाळ्यातल्या फार तर.
मला माहीत होतं.
मी डब्याचं झाकण उघडलं, तिला पाणी दिलं.

मग कडेला बसून तिने खाली पाहिलं :
आमची विहीर, कुत्रं, दोरीवरची सतरंजी.
"उलटी वाळत घातलीस," म्हणाली.

तासाभराने विचारलं, "उतरायचं?"
"काळी चार दिवस राहायची,"
आत्या म्हणाली,
आणि ओढणी तोंडावर घेऊन
आडवी झाली.