शंभराला एक

भरमाण्णा मेस्त्रीकडं दोन पट्ट्या आहेत.
एक सगळ्यांची. दुसरी जराशी खोटी,
तिच्यातला मीटर एका सेंटिमीटरनं जादा.
बीड निवताना आकसतं, शंभराला एक,
म्हणून लाकडी साचा आधीच मोठा करायचा.
उद्यमबागेत मी पहिल्यांदा शिकले ते हे,
बरोबर उतरायला थोडं चुकवून मोजावं लागतं.

मी पलीकडच्या टेबलावर. दर काढते.
घटप्रभेचं गिऱ्हाईक, पुलीचं ड्रॉइंग,
एका मापावर चहाचा डाग, चारपर्यंत कोटेशन हवं.
फोन केला तर म्हणाले, "अंदाजु सांगा मेडम, सुमारु."
आमच्याकडं अंदाजाला एक उकार लावला
की तो दुसऱ्या भाषेत जातो.
वजन तेवढंच राहतं.

कॉम्प्युटर म्हणाला, चार किलो दोनशे.
इतकं गुळगुळीत, की शंकेला बोट टेकवायला जागा नाही.
मेस्त्रीनं कागद लांब धरला,
दोन्ही हात पुलीएवढे पसरले,
उचलल्यासारखी पाठ वाकवली.
"चार? बाई, पुली हाय का भाकरीचा तवा?
पस्तीस आन् पन्नासच्या मधी बघ कुठंतरी."

मिलिमीटरकडून सेंटिमीटरकडं जाताना
माझं एक शून्य वाटेत पडलं होतं.
बेचाळीस निघालं.
त्यावर भट्टीची वीज, वाया जाणारं बीड,
शेकड्यात पाच-सहा फुटक्या निघतात त्या,
आणि गिऱ्हाईक घासाघीस करणार, तीही धरली.

त्याची पाठही चुकते.
एका कव्हराला त्यानं साठ सांगितले, भरले एक्क्याण्णव;
आतल्या बरगड्या कागदावर पुसट होत्या.
मालक महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.
तेव्हापासून तो एक आकडा कधी सांगत नाही.
दोन सांगतो
आणि मधली जागा मला सोडतो.

साडेसहा. दुसऱ्या गेटाला गाडी लागेल का?
दीर म्हणालेत जेवायला चौघं, म्हणजे तांदूळ सहांचा.
हे म्हणालेत दहा मिनिटांत पोचतो, म्हणजे भाजी आणायला वेळ आहे.

वाटेत शहापूरला शिंप्याकडं थांबते,
लेकीचा शाळेचा स्कर्ट.
बीड नाही ही. हिच्यासाठी उलटी पट्टी लागते,
कापड आत दुमडून ठेवायचं, वर्षभरात उसवायला.
"किती धरू?" शिंपी विचारतो, टेप गळ्यात.
मी त्याला दोन आकडे सांगते.