माशाचं तोंड कुणीकडं

होटगी रोडला नवीन निघालंय,
काचेचं, तीन मजली, आत गारठा असा
की भर मे महिन्यात शाल आठवावी.
नागमणीचा पहिला पगार. म्हणाली, चला.
राजेशमनी इस्त्रीचा शर्ट चढवला,
मी ती मोरपंखी नेसले, जी एरवी
मार्कंडेयाच्या रथालाच पेटीतून निघते.

दारातच मासे.
भिंतभर टाकी, निळा उजेड, बुडबुडे,
एक खेकडा नांग्यांना रबर लावून बसलेला,
आणि पाणी वरून पडतंय, पडतंय, थांबत नाही.
माझा पाय निघेना.
आमच्या साखर पेठेत नळ पाचव्या दिवशी,
पहाटे तीनला, तोही करंगळीएवढा.
राजेशम कानाशी म्हणाले,
"ह्यांना रोज येतंय की गं."

मेनूकार्ड लग्नपत्रिकेएवढं जाड.
आकड्यापुढं रुपयाची खूण नाही,
जणू किंमत नव्हे, वजन लिहिलंय.
डझनाला पाच रुपये माझ्या शिवणीचे,
मासा अठराशे पन्नासचा:
तीनशे सत्तर डझन.
मग गणित सोडलं. शेंगाचटणी मिळेल का विचारणार होते,
नागमणीनं टेबलाखालून पाय दाबला.

मग ते आले, ताटलीत गुंडाळलेले,
पांढरे, वाफाळते, चिमट्यानं उचलून एकेकाला.
"अम्मा, हात पुसायला आहे ते."
मला काय कळत नाही?
घेतला, आणि हात तिथंच राहिला.
बारा बाय बारा, चारशेचा माल,
काठ दोनदा मुडपलेला,
आणि कोपऱ्यात
तीन टाके उलटे, मागं घेतलेले.

ते कुणी घ्यायला सांगत नाही.
दोरा जातो, वेळ जातो, सुपरवायझर बोंबलतो.
मी घेते, कोपरा सुटू नये म्हणून.
अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडमध्ये
अजून एकच घ्यायची, एल्लूबाई,
गेल्या होळीपर्यंत होती.
टॉवेल नवा नव्हता, कडेला जरा पिवळट.
उलटा केला, सुलटा केला.
माझा की तिचा, टाक्यावरून सांगता येईना,
तिनंच तर शिकवलेलं.
वाफ विरली, तरी धरूनच बसले.

मासा अख्खा आला, डोळ्यांसकट.
वेटर करमाळ्याकडचा पोरगा, उजनीच्या काठचा,
गळ्यात काळा बो, बोलायला मात्र आपला.
म्हणाला, तिकडच्या रीतीनं माशाचं तोंड
मानाच्या माणसाकडं ठेवतात. कुणाकडं ठेवू?
राजेशमनी खुर्ची सावरली, बटण चाचपलं.
नागमणीनं बोट केलं माझ्याकडं.
ताटली फिरली. मासा माझ्याकडं बघायला लागला.
राजेशमना खोकला आला.

चिंच नाही, तिखट नाही.
आल्याचे केस, कांद्याची पात, पातळ काळं पाणी.
तापातून उठलेल्याला द्यावं तसं, म्हटलं मनात.
दुसऱ्या घासाला कळलं
की माशाला माशाची चव असते,
तीस वर्षं मी ती पुलुसूत बुडवत आले.

गालाची बोटी मऊ असते, लहान, नखाएवढी.
घरी ती काढून यांच्या ताटात जाते,
न विचारता, न बोलता.
चमचा तिथंवर गेला माझा. थबकला.
"खा की," हे म्हणाले, खिडकीकडं बघत.
खाल्ली.

उठताना टॉवेलची घडी घातली,
काठ आत, दर्शनी बाजू वर, एक्स्पोर्टला घालतो तशी.
पोरगा म्हणाला, "राहू द्या हो मावशी, टाका तसाच,
धुवायलाच जाणारे."
मी तरी कोपरा बोटानं सारखा केला.

बाहेर फाटकातच उकाडा अंगावर आला.
रिक्षात नागमणी विचारत होती, आवडलं का,
हे म्हणाले, भाकरी पाहिजे होती.
मी काहीच बोलले नाही.
उद्या एल्लूबाईच्या सुनेला सांगावं का?
काय सांगणार, तुझ्या सासूनं
माझे हात पुसले?

तीनला नळ आला. चार घागरी झाल्या, पाचवी अर्धी.
हाताला अजून आल्याचा वास होता.